कादर मिस्त्रीचे कान

कादर मिस्त्री कोणत्याच गाडीला बिघडली म्हणायचा नाही. आजारी म्हणायचा. ट्रक येऊन उभी राहिली की तिच्याभोवती एक चक्कर मारायचा, वाकून खाली बघायचा आणि ड्रायव्हरला सांगायचा, "तुनी गाडीले खोकला व्हयेल शे." एखाद्याची जीप चढावर दम टाकायची, तर म्हणे, "दमा शे इले. बापले पन व्हता काय?" ड्रायव्हर हसायचा. मिस्त्री नाही हसायचा. पाना घेऊन खाली सरकायचा.

आता नातवंडांच्या शाळेमुळे माझी बोली बदलून गेली. पण मिस्त्रीचं बोलणं सांगायचं तर ते तसंच सांगावं लागतं. धुळ्यात त्याचं घराणं जुनं. घरात ते लोक हिंदी बोलायचे, पण आमच्यासारख्या खेड्यावरच्या माणसाशी तो आमच्याच बोलीत बोलायचा.

आग्रा रोडला पत्र्याचं शेड होतं त्याचं. दुसरं काम घेत नव्हता, फक्त सायलेन्सर. फुटलेले जोडायचे, कुजलेले कापून नवे करायचे. गाडीचा आवाज कमी करणं हा त्याचा धंदा. नाशिककडून, शिरपूरकडून ड्रायव्हर लोक त्याच्यासाठी थांबून राहायचे.

मी त्याच्याकडे सामान धुवायला होते.

माझं माहेर पारोळ्याकडचं, सासरही तिकडचंच. नवरा ट्रकवर क्लीनर होता, तापात गेला. दिराच्या घरात माझ्या आणि माझ्या दोन पोरींच्या ताटात काय पडतं ते सगळ्यांना दिसायला लागलं. तेव्हा पोरी घेऊन धुळ्याला आले. एवढंच. त्याचं जास्त सांगत बसत नाही.

गॅरेजच्या रांगेत झाडलोटीचं काम विचारत फिरत होते. एकानं हसून दुसऱ्याकडे धाडलं, दुसऱ्यानं तिसऱ्याकडे. कादर मिस्त्रीनं एकच विचारलं.

"रॉकेलना वास सहन व्हई का?"

म्हटलं, होईल.

मग त्यानं रॉकेलचं घमेलं उचललं आणि शेडच्या बाहेर, निंबाखाली, रस्त्याच्या तोंडावर नेऊन ठेवलं. मला वाटलं, आत जागा नसेल. तर म्हणे, "अक्का, आठेच बस. तू काय करस ते बठ्ठासले, येनारा-जानारासले, दिसू दे. मंग कोनी काही बोलाव नही." मी त्याच्याहून थोडी मोठीच असेन, पण पहिल्या दिवसापासून त्यानं अक्का म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको जैतुनबी आली. माझ्यासमोर उभी राहिली, खालून वर बघितलं, चहाचा गिलास हातात दिला आणि गेली. त्यानंतर तपासायला पुन्हा आली नाही. ईद आली की शीरखुर्म्याचा डबा मात्र माझ्या खोलीवर यायचा.

बोल्ट, नट, पट्ट्या, पाइपाचे तुकडे, सगळं काजळीनं काळं झालेलं असायचं. ते रॉकेलमध्ये बुडवायचं आणि ब्रशनं घासायचं. हात फाटले. भाकरी थापली की पोरी म्हणायच्या, आई, भाकरीला ट्रकचा वास येतो. मी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि ठेचा न्यायची. मिस्त्री त्यातली चतकोर मागून घ्यायचा. म्हटलं, वास येत असेल. तर म्हणे, "मनं नाक कवयच मरी गयं. कार्बाइडनी खाई टाकं." वेल्डिंगचा गॅस कार्बाइडच्या डब्यात बनायचा, त्याचा घाण वास सगळ्या शेडभर असायचा. त्यातच त्याची जिंदगी गेलेली.

त्याची एक रीत होती, ती दुसऱ्या कुणा मिस्त्रीकडे मी बघितली नाही. सायलेन्सर बसवून झाला की गाडी चालू करायला लावायचा. मागच्या पाइपाच्या तोंडावर ओलं गोणपाट दाबून धरायचा. मग उदबत्ती पेटवायची आणि गाडीखाली सरकून प्रत्येक जोडाभोवती हळूहळू फिरवायची. धूर सरळ वर गेला तर जोड पक्का. धूर बाजूला उडाला तर तिथून गॅस गळतो आहे. उदबत्तीचा पुडा कायम त्याच्या खिशात.

नवीन माणसाला हे काही कळायचं नाही. एकदा सोनगीरकडचा एक पाटील नवी जीप घेऊन आला होता. मिस्त्री उदबत्ती घेऊन खाली गेला, तसा पाटलानं फेटा सारखा केला, चपला काढल्या आणि हात जोडून उभा राहिला. मिस्त्री खालून बाहेर आला तर समोर हे. मी तोंडाला पदर लावला. पाटील म्हणे, "मिस्त्री, तुमच्यातबी अशी पूजा करतात का?" मिस्त्री म्हणे, "करतस ना. फक्त आमना देव खाले ऱ्हास, झोपीसन दर्शन लेनं पडस." पाटलानं खरंच वाकून खाली बघितलं आणि जाताना बोनेटवर नारळ फोडून गेला. खोबरं आम्ही वाटून खाल्लं.

त्याला ऐकू येत नाही, हे मला फार उशिरा कळलं. कळलं तेही मी लक्ष ठेवून होते म्हणून नाही. शेडमागं कुणाची तरी म्हैस शिरली आणि तिनं पाइपांची सगळी चळत पाडली. असा आवाज झाला की रस्त्यावरचा पानवाला धावत आला. मिस्त्री माझ्याकडे पाठ करून पट्टी कापत बसला होता. त्यानं मान सुद्धा वळवली नाही. पानवाला समोर आला तेव्हा म्हणे, "काय रे, काय व्हयनं?"

मग मला एकेक गोष्ट जुळायला लागली. माणूस बोलायला लागला की मिस्त्री त्याच्या तोंडाकडेच बघायचा. गाडी ऐकायची असली की लांब डिसमिस, म्हणजे पेचकस, घ्यायचा. त्याचं टोक इंजिनला टेकवायचं आणि लाकडी मूठ दातात धरायची, डोळे मिटायचे. लोकांना वाटायचं, काय उस्ताद माणूस आहे. तो दातांनी ऐकत होता. सगळी उमर फुटलेल्या सायलेन्सरखाली डोकं घालून झोपला, कानांनी कुठवर साथ द्यावी. दातातून जाडा आवाज कळायचा. बारीक नाही कळायचा.

संध्याकाळी मी घमेलं उचलताना त्याच्या समोर जाऊन उभी राहिले आणि सावकाश म्हटलं, "मिस्त्री, तुमले ऐकू येत नही ना?"

त्यानं रस्त्याकडे एकदा बघून घेतलं.

"कोनले सांगू नको, अक्का. सायलेन्सरवाला बहिरा शे म्हनीसन कळनं, ते कोन गाडी लई?"

त्याचं खरंच होतं. ड्रायव्हर लोक त्याच्या हाताकडे येत नव्हते, कानाकडे येत होते. मिस्त्रीनं ऐकून मान हलवली की मगच ते पुढच्या घाटाला गाडी काढायचे. हे गेलं असतं तर सगळंच गेलं असतं. घरात जैतुनबी, म्हातारी आई, लग्नाची बहीण.

मी कुणाला सांगितलं नाही. त्यातून आमचा एक कायदा झाला. कुणी बसून ठरवला नाही, आपोआप झाला. गाडी चालू झाली की मी ऐकायची. आवाज साफ असला तर ब्रश घमेल्यात उभा ठेवायची. कुठं टिकटिक असली, फुरफुर असली, तर दगडावर आडवा. मिस्त्री दातातला डिसमिस काढायचा, उठता उठता निंबाकडे एक नजर टाकायचा आणि मग गिऱ्हाइकाला सांगायचा. वर्षानुवर्षं असं चाललं. निंबाखाली बसून राहिल्यानं मलाही गाड्यांचे आवाज कळायला लागले होते. पोटाला लागतं ते माणूस शिकतंच. तरी उदबत्तीशिवाय तो कोणतीच गाडी सोडायचा नाही. माझा ब्रश उभा असला तरी उदबत्ती व्हायचीच.

मग ती लाल गाडी आली.

शहाण्णव-सत्त्याण्णवचा सुमार असेल. जळगावच्या एका दालमिलवाल्याचा पोरगा होता, पंकज नावाचा. मुंबईहून बाहेरदेशची गाडी विकत आणलेली. दोन दारांची, बुटकी, जमिनीला लागून चालणारी. निंबाखाली उभी राहिली तर माझ्या डोळ्यापुढं तिचं छत होतं. बरोबर मित्र होता एक, चष्मेवाला.

पंकज म्हणे, "मिस्त्री, हिचा दम कोंडतो. सायलेन्सरच्या आधी एक डबा आहे, तो काढून सरळ पाइप टाकून द्या. रविवारी शर्यत आहे."

जळगावच्या बाजूला एक धावपट्टी होती, विमानं उतरत नसलेली. तिथं ह्या पोरांनी गाड्या पळवायचं ठरवलं होतं.

मिस्त्री खाली जाऊन बघून आला. असा डबा त्यानं तोवर बघितला नव्हता. पंकजनं सांगितलं, त्याला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात, त्याच्या पोटात मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते, ती धुरातलं विष मारते. पण आपल्याकडचं पेट्रोल शिशाचं, त्यानं जाळी खराब होते, आणि मग गाडी पळत नाही.

"म्हंजे हाऊ डबा गाडीसाठे नही," मिस्त्री म्हणे. "मांगे चालनारा मानूससाठे शे."

"असंच समजा."

"मंग काढस काबर?"

चष्मेवाला म्हणे, "अहो, मैदानात मागं कोण चालतंय? दुसरे मिस्त्री तर सब्बल घालून जाळीच फोडून देतात. डबा रिकामा, काम झालं."

मिस्त्रीला ते आवडलं नाही. त्याचं तोंड आंबट झालं. फोडणार नाही म्हणे. बोल्ट खोलून अख्खा काढेन, दोन्हीकडून पट्ट्या लावून पाइप बसवेन, आणि शर्यत झाली की डबा परत लावायचा. ही अट कबूल असेल तर गाडी ठेवा. पंकज हो म्हणाला. तरण्या पोराला अट कबूल करायला काय लागतं.

डबा निघाला. गंजलेले बोल्ट होते, दिवस गेला त्यात. मी ते धुतले. मिस्त्रीनं पाइप वाकवला, पट्ट्या वेल्ड केल्या, मधे पॅकिंग घातलं, बसवलं. पंकज आला, आत बसला, चावी फिरवली.

मी तसा आवाज जन्मात ऐकला नव्हता. पत्रे थरथरले. निंबावरचे कावळे उठले. समोरचा पानवाला कानावर हात ठेवून शिव्या द्यायला लागला. मी पण कानात बोटं घातली. आणि मिस्त्री गाडीमागं उभा होता, डिसमिस हातातच, दातात धरलेला नाही, आणि त्याचं तोंड उघडं राहिलेलं.

त्यानं पोराला हातानं खूण केली, अजून रेस दे. पोरानं दिली. अजून दे. तो माझ्याकडे धावत आला, माझ्यासमोर बसला आणि ओरडायला लागला, "अक्का! ऐकू उनं! मले ऐकू उनं!"

हसत होता, डोळ्यातून पाणी येत होतं. मोठा माणूस, दाढी पिकायला आलेली. मी म्हटलं, "हळू, मिस्त्री, तो पोऱ्या बघी राहिना." पण त्याला कुठलं ऐकू येतंय. तो परत गाडीकडे गेला, परत खूण, परत रेस. त्या दिवशी त्यानं माझा ब्रश उभा की आडवा ते बघितलं नाही. उदबत्तीचा पुडा खिशातच राहिला. गाडी हळू चालवून बघितलीच नाही. पंकजनं विचारलं, "मिस्त्री, ऐकलं ना नीट? पास?" मिस्त्री म्हणे, "फस्क्लास! एकदम पास!" आणि पोरगा गाडी काढून घेऊन गेला.

रविवारी मिस्त्री मला म्हणे, तू पण चल. पंकजच्या मित्राची जीप आम्हाला घ्यायला आली होती. मिस्त्रीनं एका गोणीत तो डबा आणि पाने घेतले होते. शर्यत झाली की तिथंच बसवून देईन म्हणे. मी कशाला, विचारलं, तर म्हणे, "तठे दोनशे लोक बोलतीन, कोनकोनना तोंडकडे दखू मी?" म्हणून गेले. वाटेत पारोळ्याचा किल्ला लागला. मी दुसरीकडे बघत बसले.

धावपट्टीवर ही धूळ. वारा असा की डोक्यावरचा पदर राहीना. गाड्या होत्या दहा-बारा, पण लाल गाडीसारखी एक नाही. पोरांनी उसाच्या रसाची गाडीही बोलावून आणली होती. सगळं बघायला एक वयस्क गृहस्थ होते, पांढऱ्या टोपीचे, त्यांना सगळे नाना म्हणत होते. त्यांचा शब्द तिथं चालत होता.

आधी प्रत्येकानं एकेक फेरी मारून बघायची होती. पंकज मारून आला. धुळीसाठी काचा वर केलेल्या. दार उघडून बाहेर आला आणि गाडीला टेकला. कपाळ चोळायला लागला. डोळे लाल. चष्मेवाला म्हणे, "रात्रभर झोपला नाही, त्यामुळं." पंकज म्हणे, "डोकं जड झालं एकदम. मळमळतंय."

मिस्त्री त्याच्याकडे बघत होता. मग माझ्याकडे वळला.

गाडी चालूच होती, हळू. मी जवळ गेले. त्या मोठ्या आवाजाच्या खाली बारीक टिकटिक होती, पावलाशी, जिथं ड्रायव्हर बसतो तिथंच. माझ्याजवळ ना घमेलं ना ब्रश. मी मान हलवली, नाही.

मिस्त्री गाडीखाली गेला. गाडी तापलेली, तरी गेला. पुढच्या पट्टीचे बोल्ट आवळले. खिशातली उदबत्ती पेटवून फिरवली, पण वाऱ्यानं धूर कुठंही उडत होता, त्यातून काय समजावं. बाहेर आला तेव्हा कोपर भाजलेलं होतं.

तिकडून शिट्टी झाली. गाड्या लायनीत लावायला बोलावत होते. पंकजनं तोंडावर पाणी मारलं होतं.

"झालं का मिस्त्री? घट्ट झालं ना?"

मिस्त्री उदबत्तीचं टोक जमिनीवर दाबून विझवत राहिला.

"अहो ऐका ना एकदा, आणि हो म्हणा. मला जायचंय."

मी पुढं झाले. म्हटलं, "भाऊ, अजून येतो आवाज. गळतं ते, धूर तुमच्या पायाशी आत शिरतो."

चष्मेवाला म्हणे, "ही बाई कोण? हिला काय कळतं?" आणि आजूबाजूची पोरं हसली. पंकज म्हणे, "मावशी, तुम्ही बाजूला व्हा. मिस्त्री, तुम्ही परवा ऐकून पास केली होती. आता सांगा."

मी मिस्त्रीच्या समोर जाऊन, कुणाला ऐकू जाऊ नये असं नुसतं तोंड हलवून म्हटलं, "सांगा ना, वाटमा बोल्ट ढिला पडना, पॅकिंग फाटनं." तेवढं म्हटलं असतं तर त्याचं नाव राहिलं असतं. मलाही त्यातच बरं दिसत होतं. त्याचं काम गेलं तर माझं पण गेलं.

त्यानं माझे ओठ वाचले. मग पंकजकडे वळला. जिंदगीभर हळू बोलणारा माणूस, तिथं सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या जोरात बोलला.

"मी बहिरा शे. मले ऐकू येत नही. परवा बी ऐकू उनं नही, नुसता मोठा आवाज उना, तेवढामा मी नाचनू. हाई बाई मना कान शे. ती म्हनस गळस, ते गळस. आठे वारामा मी जोड तपासू शकत नही. गाडी सोडू नका."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. त्या पोरांमध्ये धुळ्याचे होते, जळगावचे होते, भुसावळचे होते. कुणाच्या बापाच्या ट्रका होत्या, कुणाच्या जिनिंगच्या जीपा. अर्ध्यांनी कधी ना कधी त्याच्या शेडसमोर गाडी उभी केलेली. कुणीतरी मागून म्हणालं, "च्यायला, बहिऱ्याकडून आवाज दुरुस्त करून घेत होतो आपण!" हशा झाला.

पंकज चिडला. काय नाही ते बोलला. आधी का नाही सांगितलं, माझा दिवस घालवला, असं सगळं. मिस्त्री त्याच्या तोंडाकडे बघत होता, त्याला सगळं कळत होतं. मग नाना आले. त्यांनी गाडीत डोकं घातलं, खालची चटई उचलून बघितली, रबर पाघळलेलं होतं. पोराच्या लाल डोळ्यांकडे बघितलं. म्हणाले, "ही गाडी आज पळणार नाही." तेवढंच. ते निघून गेले आणि शर्यत सुरू झाली.

मिस्त्रीनं गोणी उलटी केली, डबा बाहेर काढला आणि गाडी निवल्यावर खाली शिरला. म्हणे, घरी कसा जाईल हा पोऱ्या. उन्हात, धुळीत, एका कुशीवर झोपून तो पाइप काढून डबा लावत होता. मी बोल्ट देत होते. तिकडे गाड्या गर्जत जात होत्या. त्याला तो आवाज येत होता की नाही, मी विचारलं नाही.

पंकज लांब एका दगडावर बसला होता. मग उठून आला. माझ्या हातातले बोल्ट त्यानं घेतले. खाली वाकून तो एकेक देत राहिला. थोड्या वेळानं म्हणाला, "मिस्त्री, कधीपासून येत नाही ऐकू?"

खालून उत्तर आलं नाही. नुसता हात बाहेर आला, पुढच्या बोल्टसाठी. पंकज माझ्याकडे बघायला लागला. मी सांगितलं, "त्यांना तुमचं तोंड दिसत नाही ना." त्यानं मान खाली घातली आणि बोल्ट हातावर ठेवला.

परत तो पोरगा आमच्याकडे कधी आला नाही. वाईट माणूस नव्हता. लाज वाटली असेल, किंवा गाडीच विकून टाकली असेल.

नंतर मिस्त्रीला तोंडावर कुणी काही बोललं नाही. गाड्या मात्र येईनात. आधी लांबचे गेले, मग जवळचे. डिसमिस दातात धरला की जुने ड्रायव्हर एकमेकांकडे बघायचे. तो ते बघायचा. एक दिवस त्यानं डिसमिस पेटीत टाकला आणि खिडक्यांच्या जाळ्या, गेट, पाळण्याच्या कड्या करायला घेतल्या. जाळी ऐकावी लागत नाही. तिथं धुवायला काही नव्हतं, म्हणून मी देवपूरला पोरींच्या होस्टेलात भांडी घासायला लागले. ते काम त्यानंच बघून दिलं. तिथल्या खिडक्यांना त्याच्याच जाळ्या होत्या.

एकदा मी त्याला विचारलं होतं. शेडमध्ये बसलो होतो, जैतुनबी पण होती. त्याच्या समोर बसून विचारलं, "मिस्त्री, त्या दिनले खरं बोली गयात, त्याना पस्तावा व्हस का?"

तो जाळीचा एक कोपरा घासत होता. म्हणे, "पोऱ्या घर गया ना?"

म्हटलं, गेला.

"मंग बस." आणि घासता घासता म्हणे, "आते बठ्ठा मनासंगे जोरमा बोलतस. बरं शे. जैतुनना काही फरक पडना नही, ती पहिलेपासून जोरमाच बोलस." जैतुनबीनं हातातला चिंधीचा बोळा त्याच्यावर फेकला.

मी त्याला शेवटचं बघितलं ते पांझरेच्या पुलावर. सकाळची वेळ, मी कामाला पायी जात होते. त्यानंतर थोड्याच दिवसांनी तो गेला, आणि मला दोन दिवसांनी कळलं. पण त्या सकाळी तो चांगला होता. सायकलवर होता, मागं लोखंडाच्या पट्ट्या बांधलेल्या, आणि पुलाच्या अगदी मधोमध चालला होता, आपल्याच तालात. नदीला पाणी आलेलं, तिकडे मान वळवून बघत होता.

त्याच्या मागं एसटी होती. एसटीमागं उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रका, रिक्षा, टेम्पो. सगळे सायकलीच्या चालीनं. एका नव्या टेम्पोवाल्यानं मागून हॉर्न दाबला, तशी एसटीच्या ड्रायव्हरनं खिडकीतून मुंडी बाहेर काढली आणि मागं ओरडला, "ए, कादर मिस्त्री शे पुढे! त्यासले ऐकू येत नही. चाल हळू."

टेम्पोवाल्यानं हात काढून घेतला. मी कठड्याला लागून उभी राहिले. एवढी सगळी गाड्यांची रांग, आणि पुलावर हॉर्नचा आवाज नाही. मिस्त्री पलीकडे उतरेपर्यंत कुणी घाई केली नाही.